मिसरचा कापूस

मला इजिप्त पाहायचं आहे, ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. वर्ध्याजवळच्या देवळीच्या ज्या शाळेत मी गणित शिकवलं, तिथल्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळासोबत मला पिरॅमिडचं एक भलंमोठं फ्रेम केलेलं चित्र दिलं. "मॅडम, आता खरे पाहून येजा," असं एक शिक्षिका सगळ्यांच्या वतीनं म्हणाली आणि टाळ्या वाजल्या. ते चित्र मी सिंदी मेघेच्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीच्या वर लावलं. येणारं-जाणारं माणूस त्याच्याकडे पाहून विचारायचं, "मग, कधी जाता?" मी म्हणायची, "जाऊ कधीतरी."

खरं म्हणजे पिरॅमिडांचं मला काही नव्हतं. मला तिथला कापूस पाहायचा होता. पण हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

माझे वडील कापूस पारखायचे. तेव्हा आम्ही वडनेरला राहायचो आणि बाबा जवळच्याच एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. हंगामात कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. बाबा एकेका गाडीत कोपरापर्यंत हात घालून अगदी तळातला मूठभर कापूस काढायचे, कारण वरचा सगळेच चांगला ठेवतात. सरकी काढून धागे दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढायचे, जुळवायचे, पुन्हा ओढायचे. असं करता करता शेवटी सारख्या लांबीच्या धाग्यांची एक पातळ पट्टी उरायची. मग डोक्यावरची काळी टोपी काढून ती पट्टी तिच्यावर ठेवायचे आणि डोळे बारीक करून पाहायचे. त्यांनी जो दर्जा सांगितला तो शेतकरीही मानायचे आणि मालकही.

शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. आई शेतात असायची, धाकटा भाऊ तिच्यासोबत. तो तेव्हा जेमतेम बोलायला लागला होता.

एक दिवस नागपूरच्या कुठल्याशा गिरणीतला माणूस जिनिंगमध्ये आला होता. त्याच्याजवळ कागदाच्या पुडीत थोडासा परदेशी कापूस होता. तो माणूस गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. पुडी उघडली. त्यातली चिमूट घेऊन नेहमीसारखी पट्टी केली. या वेळी मात्र ती टोपीवर न ठेवता माझ्या बोटावर ठेवली.

"पाह्य पोरी," ते म्हणाले. "आपला कापूस तुह्या बोटावर कुठवर येते? इथवर. मधल्या पेराच्या अर्ध्यात. अन हा पाह्य."

तो कापूस बोटाच्या टोकापासून दुसऱ्या पेराच्या रेघेपर्यंत बरोबर पोचला होता.

"कुठचा आहे बाबा?"

"मिसरचा. रेशमावानी आहे ना? तिथं एक मोठी नदी आहे म्हंतेत, तिच्या काठानं हाच कापूस. एकडाव पाहाले जाऊ आपण. तू अन मी."

तू अन मी. त्यांनी आईचं नाव घेतलं नाही, भावाचं घेतलं नाही. मी नऊ वर्षांची होती आणि मला त्याचा फार आनंद झाला.

त्यानंतर दोन वर्षांनी बाबा गेले. खोकला त्यांना आधीपासून होता, जिनिंगमधल्या सगळ्यांनाच असायचा. त्या हिवाळ्यात तो छातीत उतरला आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. भाऊ तीन वर्षांचा होता. त्याला बाबांबद्दल काहीच आठवत नाही, साधा चेहरासुद्धा नाही. घरात त्यांचा एकच फोटो होता, तोही लग्नातला, ज्यात त्यांनी मान इतकी खाली घातली आहे की टोपीच जास्त दिसते.

पुढं शाळेत कळलं की मिसर म्हणजे इजिप्त. तेव्हापासून मी तोंडानं इजिप्त म्हणू लागली आणि लोक आपसूक पिरॅमिड समजू लागले. मी कोणाची दुरुस्ती केली नाही.

पुढचं आयुष्य फारसं सांगण्यासारखं नाही. विसाव्या वर्षी मला नोकरी लागली. भावाचं शिक्षण व्हायचं होतं, आईला एकटीला शेत झेपत नव्हतं. स्थळं आली, एक-दोनदा बोलणी पुढंही गेली, मग येणं बंद झालं. भाऊ इंजिनियर होऊन पुण्याला गेला. आई गेली. दर रविवारी भावाचा फोन येतो, "ताई, जेवली का?" असं तो पहिल्यांदा विचारतो आणि मग आम्ही दोघंही पुढं काय बोलायचं याचा विचार करतो.

गेल्या वर्षी असाच फोन आला आणि तो म्हणाला, "ताई, तुझा पासपोर्ट काढून घे. दसऱ्यानंतर आपण इजिप्तला जात आहोत. सगळे. तुझं स्वप्न आहे ना?"

मी म्हटलं, "इतका खर्च कायले करतं?" तो हसला. "तू माझ्यासाठी काय कमी केलं?" असं म्हणाला आणि मला रडू आलं. ते मी फोनवर कळू दिलं नाही.

नागपूरहून मुंबईला मी एकटी गेली. तिथं भाऊ, भावजय आणि कॉलेजात शिकणारी भाची विमानतळावर भेटली. पुण्याच्या एका टूर कंपनीचा तीसेक जणांचा गट होता. बहुतेक नवरा-बायकोच्या जोड्या, काही कुटुंबं. सगळे मराठीच बोलणारे, पण पुण्याचं मराठी. पहिल्याच जेवणाच्या टेबलावर मी "मले भात नको" म्हणाली तर समोरच्या बाई कौतुकानं हसल्या. "किती गोड बोलता हो तुम्ही!" मग मी जरा जपूनच बोलू लागली. जपून बोलायचं म्हटलं की माणूस आपोआप कमी बोलतो.

कैरोला उतरल्यावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं शिक्का मारला आणि हसून म्हणाला, "वेलकम टू मस्र." मी दचकलीच. आमच्या गाइडनं नंतर सांगितलं की इथले लोक आपल्या देशाला मस्रच म्हणतात. वडनेरच्या जिनिंगमध्ये ऐकलेला शब्द इतक्या लांब एका अनोळखी माणसाच्या तोंडी जवळजवळ तसाच होता. मी भावाकडे पाहिलं. तो बॅगा मोजत होता.

दुसऱ्या दिवशी पिरॅमिड पाहिले. ते मोठे आहेत, चित्रात दिसतात त्याहून कितीतरी मोठे. ऊन वर्ध्याच्या मानानं काहीच नव्हतं. भाचीनं माझे खूप फोटो काढले. उंटाजवळ, दगडाजवळ, हात पसरून. भाऊ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय ताई, झालं ना स्वप्न पूर्ण?"

त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी म्हटलं, "हो रे. झालं."

आजूबाजूला आपलीच माणसं, आपलीच भाषा, सगळी माझ्याचसाठी आनंदी झालेली. त्या घोळक्यात मला जितकं एकटं वाटलं तितकं सिंदी मेघेच्या घरात कधी वाटलं नव्हतं.

मग अलेक्झांड्रियाला गेलो. मला वाटलं होतं, वाटेत बसच्या खिडकीतून तरी कापूस दिसेल. पण बस वाळवंटातल्या रस्त्यानं गेली. दोन्हीकडे नुसती रेती, जाहिरातींचे बोर्ड आणि खुरटी झाडं. परत येताना मी हळूच गाइडला विचारलं, "इथं कापूस कुठे पिकतो?" त्याला प्रश्न समजायला वेळ लागला. मग म्हणाला, नदीला फाटे फुटतात तिकडे, उत्तरेला, कैरोपासून दोन-अडीच तास. आता वेचणी संपत आली असेल. कुणीच पर्यटक तिकडे जात नाही.

परतीच्या आधीचा दिवस मोकळा होता. सकाळी नाश्त्याला मी भावाला म्हटलं, "आज मले एका ठिकाणी जायचं आहे."

"कुठं?"

"कापूस पाहाले."

तो मोठ्यानं हसला. भावजयही हसली. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आज कळतं. "ताई, अगं वर्धा जिल्ह्यातली तू," भाऊ म्हणाला. "आयुष्यभर पऱ्हाटी पाहत आली. अन इजिप्तमध्ये येऊन कापूस पाहतं?"

"बाबा म्हणत होते," मी म्हटलं. "मिसरचा कापूस पाहाले जाऊ म्हणून."

तो हसायचा थांबला. हातातला चमचा त्यानं खाली ठेवला.

"बाबा? कधी?"

"मी नऊ वर्षांची होती तेव्हा."

"मले कधी सांगितलं नाई तू."

पुण्याला राहून तीस वर्षं झाली त्याला. माझ्याशी बोलतानासुद्धा त्याच्या तोंडी 'मले' क्वचितच येतं.

"तू लहान होता," मी म्हटलं.

"तेव्हा लहान होतो. नंतरच्या पन्नास वर्षांत काऊन नाई सांगितलं?"

भावजय उठून चहा आणायला गेली. तिला कळलं असावं. मी ताटलीकडे पाहत राहिली. उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते त्याला देण्यासारखं नव्हतं. बाबा म्हणाले होते, तू अन मी. घरातलं बाकी सगळं मी वाटून घेतलं होतं, माझा पगार, माझी वर्षं, सगळं. एवढी एकच गोष्ट वाटली नव्हती. ज्याला बाप आठवतसुद्धा नाही त्याच्यापासून मी बापाचं एक वाक्य लपवून ठेवलं होतं, आणि इतकी वर्षं त्यात काही वावगं आहे असंही मला वाटलं नव्हतं.

"थांब, मी येतो तुझ्यासोबत," तो म्हणाला.

"नको. पोरीनं नावेचं बुकिंग करून ठेवलं आहे. तू त्यांच्यासंग जा."

"ताई—"

"मी जाऊन येते ना. जा म्हटलं ना तू."

वर्गात पोरांना ज्या आवाजात बसवायची त्याच आवाजात मी हे बोलली. तो बसला. मग गाइडनं एक गाडी ठरवून दिली. भाचीनं माझ्या फोनमध्ये बोललेल्याचं भाषांतर करणारं काहीतरी टाकून दिलं. "आत्या, मराठीत गडबड करतं ते, हिंदीत बोल," म्हणाली.

ड्रायव्हर पन्नाशीचा, जाडजूड मिशांचा, गंभीर माणूस होता. कापूस पाहायचा आहे हे त्यानं फोनवर दोनदा ऐकून खात्री करून घेतलं. दोन तास आम्ही काहीच बोललो नाही. कैरोच्या इमारती विरळ झाल्या आणि मग एकदम हिरवं लागलं. कालवे, कालव्यांच्या काठानं खजुरीची झाडं, गाढवगाड्या. पण कापूस दिसेना. कापलेला धान दिसला, मक्याची धाटं दिसली. एका ठिकाणी नुकताच उगवलेला कोवळा चारा होता. मी बोट दाखवलं तर ड्रायव्हर म्हणाला, "बरसीम." फोनची गरजच पडली नाही. बरसीम आमच्याकडेही बरसीमच. त्या शब्दावर आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो.

तीन गावांमध्ये त्यानं गाडी थांबवून विचारलं. लोक मान हलवायचे, पुढं हात दाखवायचे. मला वाटू लागलं की हे आता राहूनच जाणार. मग एका अरुंद कालव्याच्या पुलावरून उतरलो आणि समोर पांढरं वावर दिसलं.

झाडं आपल्यापेक्षा उंच होती. वेचणी शेवटची असावी, बोंडं विखुरलेली होती. सात-आठ बाया झग्याचा पुढचा घेर कमरेला खोचून त्यात कापूस टाकत होत्या, आपल्याकडे फडकं बांधतात तशा. बांधावर एक म्हातारा बसला होता. ड्रायव्हरनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो उठला आणि हात छातीवर ठेवून मला आत ये म्हणाला.

मी पऱ्हाटीत शिरली. एक बोंड वेचलं. बोटांना सवय होती, पाकळ्या न टोचता कापूस हातात आला. बाया काम थांबवून पाहू लागल्या. एकीनं काहीतरी विचारलं, ड्रायव्हरनं ते फोनमध्ये सांगितलं आणि फोन हिंदीत बोलला, "ये पूछ रही है, आप अकेली आई हैं? आपके बच्चे कहाँ हैं?" मी मान हलवून नाही म्हटलं. तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि पुन्हा कामाला लागली.

मी सरकी काढली. अंगठ्यांमध्ये धागे धरून ओढले, जुळवले, पुन्हा ओढले. बाबांना पाहून पाहून शिकलेलं होतं, पण पन्नास वर्षांत केलं नव्हतं. म्हातारा जवळ येऊन उभा राहिला. त्यानंही एक बोंड घेतलं आणि तेच सुरू केलं. तशीच चिमूट, तसेच अंगठे, तसेच बारीक केलेले डोळे. त्यानं आपली पट्टी झग्याच्या गडद बाहीवर ठेवून मला दाखवली.

मी माझी पट्टी बोटावर ठेवली.

ती मधल्या पेराच्या अर्ध्यापर्यंतच आली.

मी पुन्हा केली. दुसरं बोंड घेतलं. पुन्हा तेवढीच. मधल्या पेराच्या अर्ध्यात. ही जागा तर आपल्या कापसाची. म्हणजे त्या गिरणीवाल्यानं बाबांना फसवलं होतं? की पोरीचं मन रमवावं म्हणून बाबांनीच काहीतरी सांगितलं होतं? एवढ्यासाठी मी इतकी वर्षं घालवली आणि भावाला तसं तोडून बोलली?

कितीतरी वेळ मी तशीच त्या बोटाकडे पाहत राहिली. पेरं सुजलेली, नखाजवळ कातडी जाड झालेली, बासष्ट वर्षांच्या बाईचं बोट. आणि मग मला कळलं. गणिताची बाई असून इतका वेळ कळलं नव्हतं. माझं बोट तेव्हा नऊ वर्षांचं होतं.

त्या लहान बोटावर हाच कापूस दुसऱ्या पेरापर्यंत पोचला असता. बरोबर रेघेपर्यंत.

मला इतका आनंद झाला की मी कोणाला तरी सांगायला मागं वळली. मागं कोणी नव्हतं. पुढं तो म्हातारा होता. फोन ड्रायव्हरजवळ, आणि ड्रायव्हर दूर बांधावर जाऊन बसला होता. मी म्हाताऱ्यालाच म्हटलं, "माह्या बाबानं बरोबर सांगितलं होतं." मोठ्यानं म्हटलं. त्या सगळ्या प्रवासात पहिल्यांदा मी अशी मोकळेपणानं बोलली.

त्यानं मान डोलावली. मग त्यानंही मला काहीतरी सांगितलं. बरंच काही सांगितलं. बोलताना त्यानं एकदा नदीच्या दिशेनं हात केला, एकदा आपल्या कानांना हात लावला आणि शेवटी त्याचे डोळे भरून आले. त्यातलं एक अक्षर मला समजलं नाही. मीही मान डोलावली. तो काय म्हणाला हे मला आता कधीच कळणार नाही.

बायांनी चहा दिला, काळा आणि खूप गोड. निघताना म्हाताऱ्यानं ओंजळभर कापूस माझ्यासमोर धरला. शेतातलं काही सोबत नेता येत नाही, असं टूरवाल्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी त्याच्या ओंजळीला हात लावून तो परत केला.

हॉटेलवर पोचली तेव्हा दिवस मावळायचा होता. भाऊ खाली दारातच उभा होता. नावेत तो गेलाच नव्हता असं नंतर भावजयीनं सांगितलं. भावजय आणि भाची दोघीच गेल्या, तो दिवसभर खोलीत होता.

"पाह्यला?" त्यानं विचारलं.

"पाह्यला."

"आणला का थोडासा? दाखव ना."

मी त्याला सांगितलं की आणता येत नाही म्हणून आणला नाही. ड्रायव्हरनं बांधावरून काढलेला एक फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. माझा हात दिसत होता, त्यावर काहीतरी पांढरं. धागा काही दिसत नव्हता. त्यानं फोन परत दिला आणि म्हणाला, "चल, जेवायले जाऊ."

त्याला मी सोबत नेलं असतं तर काय बिघडलं असतं? हा विचार परतीच्या विमानात माझ्या मनातून गेला नाही. तो दोन रांगा पुढं बसला होता. त्याच्या डोक्याचा मागचा भाग, विरळ झालेले केस तेवढे मला दिसत होते.

घरी आल्यावर शेजारणी आल्या. त्यांना पिरॅमिडचे फोटो दाखवले. "उंटावर बसल्या का?" असं सगळ्यांनी विचारलं.

मग एका रविवारी भावाचा फोन आला. या वेळी त्यानं "जेवली का" विचारलं नाही. म्हणाला, "ताई, बाबांचं सांग. जे जे आठवते ते सगळं सांग."

मी खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. पुडीतला कापूस सांगितला, माझं बोट सांगितलं. तू अन मी हेसुद्धा सांगितलं. "पुढं सांग," तो म्हणाला. मग टोपी सांगितली, गाडीत कोपरापर्यंत हात घालणं सांगितलं. भाजीत तिखट कमी झालं की ते ताटावरून न बोलता उठून मिरची आणायचे, ते सांगितलं. त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरवताना बैलांची नावं शिकवायचे, ते सांगितलं. हे ऐकून तो म्हणाला, "खरंच?" आणि मला पुन्हा सांगायला लावलं.

"आवाज कसा होता त्यांचा?" त्यानं विचारलं. "माह्यासारखा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबली. शब्द सगळे होते. पाह्य पोरी, रेशमावानी, एकडाव पाहाले जाऊ. आवाज नव्हता. मी डोळे मिटून शोधला. माझ्या मनात ती वाक्यं कितीतरी वर्षांपासून माझ्याच आवाजात बोलली जात होती आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. हो म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण पिरॅमिडासमोरचं हो आठवलं.

"नाई आठवत रे," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. मग विचारलं, "अजून?"

मी अजून काही आहे का ते आठवून पाहिलं. घड्याळाकडे नजर गेली. पाऊण तास झाला होता. मी इतकी वर्षं जपून ठेवलेले बाबा पाऊण तासात सांगून संपले होते.

"इतकंच आहे," मी म्हटलं.

तो फोन ठेवेना. मीही ठेवला नाही. त्याच्याकडे कुठेतरी कुकरची शिटी झाली, भाची काहीतरी विचारून गेली. माझ्याकडे पंखा फिरत होता. आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून बसून राहिलो.